सामनेवाल्याचा बंपर

उंच होण्याची ओढ ही मानवजातीच्या सगळ्या प्रगतीच्या मुळाशी आहे. शहादा तालुक्यात ती चार इंचांवर भागते. गाडीची चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये नायलॉनचे ठोकळे, म्हणजे गुटके, बसवायचे, जुन्याच्या जागी लांब बोल्ट टाकायचे, स्टिअरिंगचा दांडा आणि डिझेलची नळी वाढवून घ्यायची, की बॉडी वर जाते आणि मालक बॉडीच्याही वर जातो. याला बॉडी लिफ्ट म्हणतात. कशासाठी, असं विचारलं तर प्रत्येक मालक धडगावच्या घाटाचं नाव सांगतो, नाहीतर पपईच्या शेतातल्या काळ्या चिखलाचं. मी विमा कंपन्यांसाठी गाड्यांच्या नुकसानीची पाहणी करतो, त्यामुळे या गाड्या कुठे फिरतात ते मला ठाऊक असतं. बहुतेक वेळ त्या शहाद्यात चहाच्या दुकानासमोर उभ्या असतात.

हे काम तालुक्यात सगळ्यांत नीट करत ते लोटन आप्पा. लोणखेड्याच्या रस्त्याला त्यांची पत्र्याची शेड होती. मी तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा, ज्याच्या वाढदिवसाचे फलक त्या आठवड्यात चौकाचौकात लागलेले होते असा एक गृहस्थ, पांढरे कपडे आणि गळ्यात जाड साखळी अशा थाटात, स्वतःच्याच गाडीसमोर धुळीत उकिडवा बसलेला दिसला. गाडीच्या स्टिअरिंगवर एक वाळकासा म्हातारा बसून इंजिन रेस करत होता. मला वाटलं भांडण आहे. भांडण नव्हतं, गाडी ताब्यात द्यायची ती रीत होती.

"आते तू सामनेवाला शे," म्हातारा वरून अहिराणीत म्हणाला. "सांग, बंपर कोठे दिसस?"

गृहस्थाने छातीला हात लावला. "आठे दिसस, आप्पा."

"मंग ऱ्हाऊ दे तठेच."

झालं असं होतं की बॉडी वर गेली तरी बंपर वर जात नाही, कारण तो चेसिसला जोडलेला असतो. तो आपला जागच्या जागी राहतो आणि त्याच्यावर चार इंचांची फट पडते. ती फट वाईट दिसते. एवढा खर्च करून उंच झालेल्या माणसाला खाली लोंबणारा बंपर सहन होत नाही, म्हणून प्रत्येक मालक तोही वर घेऊन द्या म्हणतो, आणि गावोगावचे मिस्तरी देतातही. आप्पा देत नसत. ते त्या फटीच्या मापाची पत्र्याची पट्टी घडवत, तिला गाडीचा रंग देत आणि इतकी बेमालूम बसवत की ती कारखान्यातूनच आली असावी असं वाटे. एवढ्यावर मालकाचं समाधान झालं नाही तर त्याला उकिडवं बसवत. उकिडव्या माणसाचं डोकं, छोट्या गाडीत बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या जवळपास येतं. बंपर चार इंच वर घेतला तर छातीवरून गळ्याशी येतो. हे सांगून पटत नाही, असा त्यांचा अनुभव होता. धुळीत बसवलं की पटतं.

"बंपर गाडीना नही ऱ्हास, भाऊसाहेब," ते मला त्या दिवशी म्हणाले. "तो सामनेवालाना ऱ्हास."

हे वाक्य त्यांनी मला पुढे इतक्या वेळा ऐकवलं की मी ते त्यांच्या आधी म्हणायला लागलो होतो. त्याचा त्यांना राग येई. स्वतःची वाक्यं स्वतःच म्हणावीत, या बाबतीत ते फार काटेकोर होते.

आप्पा नम्र वगैरे मुळीच नव्हते. शेडवरच्या पाटीवर त्यांनी स्वतःच्या नावापुढे 'इंजिनिअर' लिहून घेतलं होतं आणि रंगाऱ्याने ऱ्हस्व-दीर्घाची चूक केली तेव्हा पाटी परत पाठवली होती. मिशा कुळकुळीत काळ्या, आणि त्याखालची हनुवटी पांढरी. वेल्डिंग करतानाही अंगात पांढरा सदरा आणि पांढरा पायजमा. दिवाळीला घेतलेल्या जोडावर होळीपर्यंत ठिणग्यांची इतकी भोकं पडत की उजेडाकडे पाठ करून उभे राहिले की चाळणीसारखे दिसत. काही समजुती तर थक्क करणाऱ्या होत्या. उभी गाडी पूर्वेकडे तोंड करून ठेवली नाही तर बॅटरी उतरते, असं ते ठामपणे सांगत. मी हसलो होतो. नंतर काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की मी माझी गाडी पूर्वेकडे तोंड करून लावतो आहे.

त्यांचं घराणं प्रकाशाजवळचं, तापीकाठच्या बागायती शेतीचं. भाऊ ऊस आणि केळी लावत. घरातला मुलगा लोकांच्या गाड्यांखाली उताणा झोपतो याची भावांना लाज वाटायची. घरातल्या खाटेवर झोपला असता तर कुणी काही बोललं नसतं. थोरल्या भावाने बरीच वर्षं अबोला धरला आणि मग स्वतःची गाडी उंच करायला घेऊन आला. आप्पांनी त्यालाही उकिडवं बसवलं. तो बसला, आणि उठताना गुडघ्यावर हात ठेवून म्हणाला की लोट्या, तू लहानपणापासून असाच हरामी शे. आप्पा हे अभिमानाने सांगत.

एकदा एका पुढाऱ्याच्या गाडीची बॉडी वर घेऊन झाली, तेव्हा त्याने आपला ड्रायव्हर आणि दोन माणसं पाठवली. साहेब स्वतः बसायला येणार नाहीत, बंपर वर घ्या, असा निरोप होता. आप्पांनी निरोप ऐकून घेतला, चहा दिला, आणि सगळे गुटके काढून गाडी होती तशी बुटकी करून परत पाठवली. त्यांचं म्हणणं एवढंच, की "तुले उंच व्हवानं शे ना? व्हय. त्यामा सामनेवालाना काय गुन्हा?" त्या पुढाऱ्याने दोंडाईच्याहून काम करून घेतलं. दुसरीकडे जाऊन हे काम सहज होतं, हे आप्पांनाही माहीत होतं. "आपला हातनं नको," असं म्हणून ते विषय संपवत.

त्यांना एकच मुलगी, ज्योती. प्रकाशाला दिली होती. जावई किरण, चांगला पपईवाला शेतकरी, आणि अलीकडे सार्वजनिक जीवनात आलेला. म्हणजे फलकांच्या कोपऱ्यात त्याचा फोटो असे आणि तो दर सणाला मधल्या फोटोकडे सरकत होता. लग्नानंतरची पहिली काही वर्षं ज्योती माहेरी आली की परत जायचं नाव काढत नसे. का, ते तिने सांगितलं नाही आणि आप्पांनी विचारलं नाही. नंतर हळूहळू बरं चाललं. त्या 'बरं'ला आप्पा फार जपत. जावयाचा फोन आला की वेल्डिंगचा चष्मा काढून, उभे राहून बोलत.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला. अधिक महिना, आमच्याकडचा धोंड्याचा महिना. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात देव. त्याला घरी बोलवायचं, पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, अनारसे आणि वाण द्यायचं, आणि तो जे मागेल त्याला नाही म्हणायचं नाही. या महिन्यात नवी गाडी घेत नाहीत. जुनी गाडी उंच करायला हरकत नसावी, कारण ज्यांनी हे नियम केले त्यांना बॉडी लिफ्ट माहीत नव्हती.

मी त्या जेवणाला होतो. आप्पांना माझ्यासारखा, घरातला नसलेला आणि तरी पुरणपोळीला नाही न म्हणणारा माणूस अशा प्रसंगी जवळ लागे. किरण पाटावर बसला होता. आप्पा परातीत त्याचे पाय धूत होते. सासूबाईंनी अंगठीची डबी पुढे केली. किरणने ती उघडूनही पाहिली नाही. म्हणाला, अंगठ्या आहेत, माझी डबल केबिनची पिकअप तेवढी उंच करून द्या. आप्पांचा चेहरा उजळला. देवाने भक्ताकडे नेमकं त्याच्या दुकानातलंच मागावं, असा आनंद झाला त्यांना. ते गुटक्यांच्या मापाबद्दल बोलायला लागले, तेव्हा किरण म्हणाला, बंपरसकट.

आप्पांचा हात त्याच्या घोट्यावर थांबला.

"नुसती बॉडी वर करी अन् बंपर खाले, ते दात पडेल म्हाताराना मायक दिसस, आप्पा," किरण हसत म्हणाला. "लोके काय म्हनतीन? सासरा मिस्तरी, अन् जवाईनी गाडी अशी."

ते वाईट हसणं नव्हतं. त्याला खरंच ती फट कुरूप वाटत होती. आप्पांनी मान वर केली. स्वयंपाकघराच्या दारात ज्योती ताट घेऊन उभी होती. ती वडिलांकडे बघत होती. जावयाला धुळीत उकिडवं बसवण्याचा विचार आप्पांच्या मनात आला असेल तर तो तिथेच संपला असावा. त्या घडीला उकिडवे तेच बसले होते.

"बरं," ते म्हणाले, आणि दुसरा पाय धुतला.

काम त्यांनी स्वतः केलं. बंपर उतरवला, चेसिसवर नवे लोखंडी कोन वेल्ड केले, चार इंच वर बसवला. काम नेहमीसारखं सुबक. एरवी काम करताना ते अखंड बडबड करत, शिव्या देत, मला विम्याच्या धंद्यावरून टोमणे मारत. त्या दिवशी फक्त वेल्डिंगचा आवाज होता. संपल्यावर हात पुसत माझ्याजवळ आले आणि मी काही विचारलेलं नसताना म्हणाले, "धोंडाना महिना शे, भाऊसाहेब. जवाईले नही म्हनता येस नही. दिवाईले करी टाकसु खाले."

दिवाळीला किरणच्या पपईची तोडणी चालू होती. त्यानंतर एक लग्न होतं, त्यात गाडी पुढे हवी होती. आप्पा फोन करत, किरण या आठवड्यात आणतो म्हणे. तो टाळत होता असं मला वाटत नाही. जी गोष्ट चांगली दिसते ती बिघडवून घ्यायला कुणाला घाई नसते, एवढंच.

थंडीत, उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्यावर, लोणखेड्याजवळच्या गतिरोधकावर एक छोटी गाडी हळू झाली. गाडीत धडगावकडचे एक शिक्षक होते, वळवी गुरुजी. मागच्या सीटवर त्यांची आई होती. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायला ते शहाद्याला चालले होते. मागून किरणची पिकअप आली. ब्रेक लागले, पण थोडे उशिरा. वेग फार नव्हता. असे अपघात मी आठवड्याला दोन-तीन पाहतो. बंपरला बंपर लागतो, डिकी आत जाते, दिवे फुटतात, दोन माणसं रस्त्यात उभी राहून एकमेकांच्या घराण्याबद्दल बोलतात आणि मला फोन येतो. इथे बंपरला बंपर लागला नाही. पिकअपचा बंपर छोट्या गाडीच्या बंपरवरून, डिकीवरून मागची काच फोडून आत गेला. म्हातारी दवाखान्यात पोचण्याआधी गेली. गुरुजींना मानेला थोडं लागलं होतं.

दोन्ही गाड्या पोलीस ठाण्याच्या आवारात आणून ठेवल्या होत्या. मी पाहणीला गेलो. छोटी गाडी मागून उघड्या डब्यासारखी झाली होती. पिकअपच्या बंपरवर एक ओरखडा होता, तोही जुना असावा. मी टेप लावून उंची घेतली आणि माझ्या अहवालात, बंपर मूळ जागेपासून वर घेतलेला आहे, असं लिहिलं. ते कुणी वाचलं असं मला वाटत नाही.

आप्पा आले तेव्हा मी तिथेच होतो. आवाराच्या फाटकापासून पिकअपपर्यंत ते घाईने आले आणि तिच्यासमोर उकिडवे बसले. बंपर त्यांच्या गळ्याशी येत होता. बराच वेळ बसून राहिले. एक शिपाई येऊन म्हणाला की बाबा, इथे बसू नका, हा मुद्देमाल आहे.

मग ते आत जमादारांकडे गेले. "लिखी ल्या, साहेब," ते म्हणाले. "बंपर मी वर करा."

जमादार सज्जन होते. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली आणि समजावून सांगितलं की गुन्हा गाडी चालवणाऱ्यावर असतो. गाडी दुरुस्त करणाऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात घालायचं ते त्यांना माहीत नाही, आणि तशी पद्धतही नाही. शिवाय बंपर तर शाबूत आहे. मोडला असता तर काम कच्चं होतं असं म्हणता आलं असतं. आप्पांनी तेच वाक्य पुन्हा सांगितलं. जमादारांनी चहा मागवला.

चहा येण्याआधी ज्योती आली. तिला कुणीतरी कळवलं असावं. तिने वडिलांना दंडाला धरून बाहेर आणलं. बंपर मुद्दाम वर घेतलेला आहे हे कागदावर आलं तर विमा कंपनी हात वर करेल आणि गुरुजींची भरपाई शेतातून जाईल, असं तिला सासरच्यांनी सांगितलं होतं. त्यातलं सगळंच खरं नव्हतं. मी तसं म्हणालो, पण माझं तिथे कुणी ऐकत नव्हतं.

"आप्पा," ती हळू आवाजात म्हणाली, "तुमले मन्हं घर मोडानं शे का?"

आप्पांनी खिशातून रुमाल काढून कारण नसताना मिशा पुसल्या आणि घरी गेले. त्यानंतर पोलिसांकडे त्यांनी हा विषय काढला नाही.

पण एक गोष्ट आपल्या हातात आहे असं त्यांना वाटत होतं. किरणला जामीन मिळाला, महिनाभरात पिकअपही कोर्टाने सुपूर्दनाम्यावर परत दिली. म्हणजे खटला संपेपर्यंत गाडी मालकाने सांभाळायची, बोलावलं की हजर करायची. ती आली त्याच दिवशी आप्पा पाने घेऊन प्रकाशाला गेले. गाडीखाली शिरले, पहिला नट सैल केला, तेवढ्यात किरणने कोर्टाचा कागद आणून दाखवला. खटल्याचा निकाल लागेपर्यंत वाहनात कोणताही फेरफार करू नये, असं त्यात लिहिलं होतं. गाडी पुरावा होती. पुराव्याला हात लावला तर किरणचा जामीन रद्द होईल, असं वकिलाने बजावलं होतं. आप्पांनी नट पुन्हा आवळला. किरण त्या दिवशी पहिल्यांदा रडला, असं ज्योतीने मला नंतर सांगितलं. तो वाईट माणूस नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच गाडीत पपई भरली, कारण पपई थांबत नाही.

आणि मग लोक यायला लागले. हा भाग सांगायला मला बरं वाटत नाही. एवढा मोठा अपघात झाला, माणूस गेलं, पण बंपरला काही झालं नाही, ही बातमी तालुक्यात पसरली होती. सासऱ्याने जावयाला बसवून दिला तसाच बंपर आम्हालाही द्या, असं म्हणत गाड्या शेडपुढे उभ्या राहू लागल्या. एक जण शिरपूरहून आला होता. आप्पांनी बॉडी लिफ्टचं काम बंद केलं. ते घरांची फाटकं आणि धान्याच्या कोठ्या करायला लागले. कुणाला उकिडवं बसवायचा प्रश्नच उरला नाही.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते मला म्हणाले की गुरुजींकडे जायचं आहे, रस्ता मला माहीत नाही, तुम्ही चला. आम्ही माझ्या गाडीने गेलो. धडगावच्या पुढे, सातपुड्यात, मोहाच्या झाडांमध्ये गुरुजींचं घर. अंगणात ती छोटी गाडी उभी होती, मागून उघडी. तीही पुरावा होती. तिच्या मागच्या सीटवर एक कोंबडी अंड्यावर बसली होती.

गुरुजींनी खाट टाकली, पाणी दिलं. घरातल्या बाया आपसात त्यांच्या भाषेत बोलत होत्या. गुरुजी आमच्याशी शाळेतलं, स्वच्छ मराठी बोलत होते. त्यांना वाटलं मी कंपनीकडून आलो आहे आणि आप्पा माझ्याबरोबर आहेत. आप्पा म्हणाले की मी मिस्तरी आहे, तुमची गाडी फुकट नीट करून देतो. गुरुजी म्हणाले, केस संपेपर्यंत हात लावता येत नाही. कोंबडी खाली उतरली आणि पुन्हा चढली.

"तो बंपर मी वर करा," आप्पा म्हणाले. "जवाईनी सांगं म्हनीसन. पन करा मी."

गुरुजींना अहिराणी कळत होती. त्यांनी ते ऐकलं आणि मान हलवली. ते रागावतील असं मला वाटलं होतं, किंवा रडतील. वर्गातल्या मुलाला विचारावं तितक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "मग आता तो खाली घेतला का, बाबा?"

आप्पा खाटेवरून उठले. परतीच्या वाटेवर घाट उतरेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. खाली सपाटीला लागल्यावर म्हणाले, "बरोबर बोलना मास्तर. तेवढंच तर करानं व्हतं."

त्यानंतर त्यांचं आयुष्य त्या चार इंचांसाठी गेलं. त्यांनी स्वतःचा वकील लावला आणि शहाद्याच्या कोर्टात अर्ज दिला, की माझ्या हातून वर बसवलेला बंपर मला मूळ जागी बसवू द्यावा. हवं तर फोटो काढा, मोजमाप घ्या, पंच बोलवा. अर्जावर सरकारी वकिलाने हरकत घेतली, कारण त्याने पुरावा नष्ट झाला असता. किरणच्या वकिलानेही हरकत घेतली, कारण बंपर खाली घेणं म्हणजे तो वर होता हे कबूल करणं. त्या खटल्यात दोन्ही बाजूंचं एकमत झालेली तेवढी एकच गोष्ट. अर्ज ठेवून घेतला गेला आणि त्याला तारखा पडू लागल्या.

आप्पा प्रत्येक तारखेला जात. भोकं नसलेला नवा पांढरा सदरा घालून, वकिलांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसत. मिशा काळ्या करणं सोडलं होतं. मी कामासाठी कोर्टात गेलो की त्यांच्याजवळ बसायचो. ओळखीचं कुणी भेटलं आणि कशासाठी आलात म्हणालं, तर ते सांगत. ऐकणारा हसायचा. माणसं जमीन मिळावी, सुटका व्हावी, घटस्फोट मिळावा म्हणून येत. बंपर खाली घ्यायची परवानगी मागणारा कुणी पाहिला नव्हता. "चार इंच खाले लेवानं व्हतं," ते मला एकदा म्हणाले. "वर करतांना कोनीच ईचारं नही. खाले कराले कोर्ट लागस."

बाकी दिवस ते गतिरोधकाजवळच्या कडुनिंबाखाली जाऊन बसत. किरणची पिकअप प्रकाशाहून शहाद्याला जायची वेळ त्यांना माहीत होती. ती दिसली की उठून रस्त्याच्या कडेला येत आणि हात वर करून तिला हळू करायला लावत. किरण गाडी हळू करी, त्यांच्याकडे बघून मान खाली घाली आणि पुढे जाई. त्या रस्त्याला असा एक म्हातारा हात वर करून उभा असतो हे मग इतरांनाही सवयीचं झालं. काही जण त्यांना ट्रॅफिकवाले आप्पा म्हणायला लागले. ज्योतीने एकदा त्यांना उन्हातून घरी आणलं आणि म्हणाली की तुम्ही रस्त्यात उभे राहिल्याने लोक हसतात. त्यांनी तिला विचारलं, घरी सगळं बरं आहे ना. ती म्हणाली, आहे. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा तिथेच होते.

यंदा मे महिन्यात, दुपारी, घरातच खाटेवर ते गेले. ऊन फार होतं. आदल्या दिवशी कडुनिंबाखाली बसून आले होते, एवढंच डॉक्टरांना सांगता आलं. कोर्टाला उन्हाळ्याची सुटी होती, त्यामुळे अर्जाचं काय झालं ते विचारायलाही कुणी नव्हतं. वळवी गुरुजींना मी फोन केला. ते म्हणाले, बरं, येतो. आणि आले, बसने.

दहन प्रकाशाला, तापीच्या काठावर झालं. आमच्याकडे चिता पेटल्यावर भाषणं होतात. ऊन असूनही चार-पाच जण बोलले. फलकांवरच्या मधल्या फोटोतले गृहस्थ शेवटी बोलायला उभे राहिले. त्यांनी आप्पांना तालुक्याच्या उद्योगाचे दीपस्तंभ म्हटलं, अभियांत्रिकीचे महर्षी म्हटलं, आणि म्हणाले की एवढी उंची गाठूनही हा माणूस शेवटपर्यंत जमिनीवरच राहिला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे लोकांना कळेना. गुरुजी माझ्या शेजारी उभे होते. ते घाटाच्या वर लावलेल्या किरणच्या पिकअपकडे बघत होते.

लोणखेड्याच्या घरून आप्पांना तिच्यातूनच आणलं होतं. तिरडी मावेल अशी घरची दुसरी गाडी नव्हती आणि जावयाला नाही म्हणायला आता कुणी नव्हतं. तिचा हौदा खांदेकऱ्यांच्या छातीच्या वर येत होता, निघताना तिरडी काही केल्या चढेना. शेवटी समोरच्या चहावाल्याकडून दोन स्टुलं आणावी लागली.